पोत्यावरचे दोन हात

गुंडा शिपाई मागच्या व्हरांड्यात पोतं उसवायचा.
पांढरं जाड कापड, निळी-तांबडी अक्षरं,
आणि मधोमध दोन हात, एकमेकांत गच्च.
अक्षरं आम्हाला यायची नाहीत, गुंडालाही नाहीत.
हेडमास्तर इंगवले वाचून दाखवायचे:
अमेरिकेच्या जनतेकडून भेट. विकायची नाही.
आणि चष्मा पुसत बसायचे जरा वेळ,
कोवळ्या देशाचे पोक्त हेडमास्तर.

पोत्यात मक्याची पिवळी भरड,
शेजारच्या पिंपात पावडर.
गरम पाण्यात ढवळली की तिचं दूध व्हायचं.
म्हणजे, शाळा त्याला दूध म्हणायची.

भिंतीपलीकडे गंगावेस.
तिथं म्हशी उभ्या, गिऱ्हाईक उभं,
धार थेट पेल्यात
आणि फेस थेट मिशीला.
आमच्याकडे पैसे नसायचे,
म्हणून आम्ही साता समुद्रापलीकडचं दूध प्यायचो
आणि भिंतीपलीकडच्याचा वास घ्यायचो.

त्रेसष्ट साल असेल, किंवा चौसष्ट.
साहेब आला.
दारात वाकून आत शिरला तरी चौकट लागलीच कपाळाला.
आम्ही स्वागतगीत म्हटलं, तिसरं कडवं विसरलो,
पहिलंच पुन्हा म्हटलं. त्याला काय कळतंय.
पत्रकात नव्हतं ते मग घडलं:
म्हैस हंबरली
आणि साहेब आवाजाच्या दिशेनं चालत सुटला,
मागून इंगवले, मागून फोटोग्राफर, मागून अख्खी चौथी अ.

लगमाण्णा गवळ्यानं मान वर केली नाही.
धार संपवली, पेला पुढं केला.
साहेबानं डोळे मिटून एका दमात रिकामा केला.
मग लगमाण्णा म्हणाला,
"ह्यास्नी इचारा मास्तर, त्यांच्याकडच्या म्हशी आटल्यात व्हय?
न्हाईतर दुधाचं पीठ कशापायी पाठवत्यात?"

इंगवल्यांनी इंग्रजीत बरंच मोठं काहीतरी सांगितलं.
साहेबानं छातीवर हात ठेवला.
डोळे पाणावले असावेत, नाहीतर तो म्हशीचा धूर असेल,
शेण्या पेटत होत्या कडेला.

मग त्यानं हात पुढं केला.
लगमाण्णाची बोटं तुपानं माखलेली,
हातातून हात निसटला,
आणि साहेबानं निसटता निसटता मनगट पकडलं.
आता, मनगट पकडलं की पाय सरकतो,
तालमीत वीस वर्षं घातलेल्या माणसाचा.
लगमाण्णा पवित्र्यात!
साहेब घाबरला, मग हसला, मग सगळी गंगावेस हसली,
फक्त इंगवले पांढरे पडले, त्या दुधाहून.
फोटोग्राफरचा दिवा पेटला तो नेमका नंतर.
पेपरात छापून आली म्हशीची शेपटी
आणि खाली ओळ: दोन देशांचा स्नेह.

साहेबानं दहाची नोट काढली.
"पाहुण्याकडनं पैसे घेत्यात व्हय?" लगमाण्णा म्हणाला.
"पेला तेवढा परत द्या म्हणावं."
या वाक्याचं भाषांतर इंगवल्यांनी केलं नाही.
हळूच हात घालून पेला काढून घेतला.

ते पोतं त्या वर्षी आमच्या घरी आलं.
आईनं त्याची बंडी शिवली मला,
आणि दोन हात आले बरोबर पाठीवर.
मला ते कधी दिसायचे नाहीत.
मागच्या बाकावर भांडणं चालायची
त्यातला आपला कुठला यावरून.
सर्जेराव म्हणायचा, खालचा. महिपती म्हणायचा,
दोन्ही त्यांचेच, एकाच माणसाचे, नीट बघ.
कुणी शाबासकी दिली की थाप त्यांच्यावरच बसायची,
छडीसुद्धा.

आईनं राखेनं घासून घासून अक्षरं घालवली.
हात गेले नाहीत.
पोरं मला अमेरिका म्हणायला लागली होती.

एका संध्याकाळी गंगावेशीतून चाललो होतो.
"ए अमेरिका," लगमाण्णानं हाक मारली,
"पेला हाय का?"
नव्हता.
मी ओंजळ धरली.
धार चांगलीच गरम होती,
आणि बोटांच्या फटीतून
अर्धीअधिक सांडत होती.