बस, साकू

उद्यमबागेत मी साच्यात वाळू दाबतो.
ओतीव निवलं की साचा फोडायचा,
त्याच वाळूचा दुसरा करायचा.
हिरेमठ मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या,
तुमच्या डोक्यातला तेवढा फुटत नाही, भरमाणी.

आधी एक पाकीट पुरायचं, नव्वदचं.
बसस्टॉपमागं उभं राहून
कोपरा दातानं तोडायचा.
मग दोन.
तिसऱ्यानंतर मोजणारा मी उरायचो नाही.
शेवटी शेवटी पहाटे घ्यायचो
ते नशेसाठी नव्हे,
हात थरथरायचा थांबावा,
पळीतलं लोखंड पायावर सांडू नये, म्हणून.
घरी सांगायचो, कामासाठीच घेतोय की.
खोटं बोलत नव्हतो, तेच वाईट.

पुरे म्हणायला मला आणखी दोन शब्द येतात:
बस.
साकू.
अंगाला एकही कळत नाही.

सदतीस दिवस झाले होते.
खानापूर रोडला एका बाईनं
पोराला ज्यूसचं पाकीट फोडून दिलं.
कोपरा फाटल्याचा तेवढाच आवाज,
आणि पाणी सुटलं माझ्या तोंडाला.
त्या रात्री घसरलो.

सुमित्रा काही बोलली नाही.
कॅलेंडरवरच्या सदतीस फुल्या
तिनं खोडल्याही नाहीत.
एक घर रिकामं सोडलं,
पुढच्यावर पेन्सिल टेकवून
विचारलं, आज?

पेन्सिल मी कानामागं खोचली.
फुली रात्री मारायची असते,
आत्ता कुठं सकाळचे सात वाजलेत.