कापून ठेवलेले श्वास

आमच्या शहराचं नाव वूच.
वूच म्हणजेही नावच, वल्ह्यांनी हाकायची ती.
नदी मात्र पोलंडभर शोधा, इथे दिसत नाही:
गिरण्यांनी रंग सोडून सोडून नासवली
आणि मग लाज वाटली म्हणून
रस्त्याखाली पुरली.
स्टुडिओ तिच्या उशाशी आहे,
जुन्या सूतगिरणीच्या तळघरात.

कालिना पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीसची.
आवाज खडीसाखर.
आणि रेमिगिउश, मॅनेजर, तिच्या डोक्यावर छत्री धरून;
तळघरातसुद्धा.
म्हणाला, श्वास ऐकू येता कामा नये.
लोक गाणं विकत घेतात, फुप्फुसं नाही.

मी कापले.
हेच माझं काम. पडद्यावर आवाजाची डोंगररांग दिसते,
दोन शिखरांमधली खुरटी झुडपं
म्हणजे माणसाने घेतलेली हवा.
ती उपटायची, जागा सांधायची
अशी, की शिंप्यालाही दोरा सापडू नये.
अकरा गाणी. चारशे सतरा श्वास.

अल्बम घरोघरी गेला.
दंतवैद्याकडे वाजला, ट्रामच्या थांब्यावर,
लग्नांत केक कापताना.
माझी बहीण भांडी घासताना सोबत गायची
आणि धापा टाकत थांबायची:
ही पोरगी दम कुठे घेते गं?
मी भांडी पुसत राहिले.

तीन वर्षांनी, फेब्रुवारीत, ती परत आली.
केस स्वतःच कापलेले, एका बाजूला जास्त.
सोबत झ्दिस्वाव, साठीचा, मनगटावर भाजल्याचा डाग,
त्याचा अ‍ॅम्प्लिफायर असा म्हातारा
की सुरू केला की आधी खोकतो.
रेमिगिउशही आला. कोट काढला नाही.

ती किंचाळली असं नंतर छापून आलं.
खोटं आहे. मी होते तिथे.
पूर्वी जिथे सूर वळवायची तिथे
तिने तो वळवला नाही, इतकंच.
गिटार अंगावर आली, तिने अंग चोरलं नाही.
माझा चहाचा कप थरथरत टेबलाच्या कडेला आला.
काटा तांबड्यात गेला
आणि माझा हात, सवयीचा गुलाम, बटणाकडे.
झ्दिस्वावने न बघताच मान हलवली.
मी हात मांडीखाली दाबून बसले.
बेसच्याही खाली कसलीशी गुरगुर येत होती,
विजेची नव्हती.
नदी असेल, तो म्हणाला. राहू दे.

रेमिगिउश म्हणाला: खडीसाखरेतली साखर गेली,
उरली नुसती खडी.
कालिना म्हणाली: रस्ता खडीचाच करतात.
तो गेला. छत्री विसरला.
अजून कोपऱ्यात आहे, कोणी उघडत नाही.

सगळे पांगल्यावर तिने विचारलं,
माझे श्वास फेकलेस?
फेकले नव्हते. का, ते विचारू नका.
आई विरलेल्या सदऱ्यांची बटणं
डब्यात साठवायची, तसं काहीतरी.

मी ते ओळीने लावले.
चार मिनिटं. एक शब्द नाही.
एकोणीस वर्षांची मुलगी
अंधारात पळत असल्यासारखी.
कशापासून, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं
आणि आता विचारायचा मला हक्क नव्हता.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.
म्हणाली, अल्बम इथून सुरू होईल.

निम्माही खपला नाही.
दंतवैद्याने एकदा लावला, एका रुग्णाने तोंड मिटलं.
बहिणीने ऐकला, नळ बंद करून.
कर्कश आहे, म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने: पण हिला दम लागतो.

सध्या माझ्याकडे दह्याच्या जाहिरातीचं काम आहे.
बाई छान बोलते. तेवीस सेकंद, सहा श्वास.
कापतेय.
डबा नवा केलाय.