दोन्ही कुशींना शिसं

बस, दर्शू. स्टूल पुढे घे.
गळाचं टोक चिमट्याच्या आत जाऊ दे,
नाहीतर दोरा तिथेच तुटत राहील
आणि तू दोऱ्याला शिव्या देत बसशील.

आधी शिशाची तार. बारा वेढे,
एकाला एक चिकटून.
डोळ्यापाशी जागा सोड, तिथं डोकं यायचंय.
हे हात डब्याला लावायचे नाहीत. साबण मोरीत आहे.
माहुलला आमचा बा पागाच्या घोळाला
शिशाच्या गोळ्या ओवायचा, दातानं दाबून.
शेवटी दात गेले. पाग आहे माळ्यावर.

शेपटीला हंसाच्या पिसाच्या दोन कडक काड्या, फाकवून.
अंगाला तपकिरी लोकर, मांडीवर वात वळतो तशी.
पाठीवर टर्कीचं पीस, दोनदा दुमडून:
हे पंख, अजून न उघडलेले.
मग कोंबड्याच्या मानेचं पीस फिरव. ते पाय.
सहाच असतात म्हणे,
पण मासा कुठं मोजत बसतो.

हे काय आहे, मीही विचारलं होतं.
मिस्किटा सरांनी फोनवर दाखवला:
थंड नदीतला किडा, दगडाखाली तीन वर्षं,
मग एका रात्री वर चढतो
आणि कातडं दगडावरच ठेवून जातो,
दांडीवर विसरलेल्या झबल्यासारखं.
उडता मात्र नीट येत नाही त्याला.
आपल्याकडे, साकीनाक्याला,
खाली पावडर कोटिंगची भट्टी,
मे महिन्यात दोऱ्याचं मेण बोटांवरच वितळतं.
डझनाला चाळीस रुपये.

एकदा एक बाद नग घरी नेला,
पाण्याच्या पिंपात सोडला.
बुडाला, पण उताणा. पाय वर, पाठ खाली.
बा खाटेवरून बघत होता. म्हणाला,
गोल अंगाला पाणी कसंही लोळवतं.
कुशीला शिसं दे गो. दोन्ही कुशींना.
त्यानं असली नदी कधी पाहिली नव्हती.
दुसऱ्या दिवशी मी तसा बांधला.
सरांनी ग्लासात टाकला, भिंगातून पाहिला,
बोलले काही नाहीत.
आता सगळे तसेच बांधतात.

म्हणून वेढ्यांनंतर हे दोन तुकडे,
इकडे एक, तिकडे एक, आणि दोरा करकचून.
बा कार्तिकात गेला.

गाठ बोटांनीच मार. वर लाखेचा थेंब.
डोळा बुजला तर सुईनं उघड,
ओली आहे तोवरच.
बघ, आरपार उजेड दिसतोय का?