मऊ कवचाचे दिवस

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डेल्मरमामा बोस्टनला आला.
इस्त्रीचा शर्ट, मानेवर उन्हाने भाजलेली पट्टी,
आणि नखांत आमिषाच्या हेरिंगचा वास,
जो लिंबाने जात नाही,
त्याच्या स्वतःच्या लग्नातही गेला नव्हता म्हणे.

मी तेव्हा चुलींच्या रांगेत चौथी.
लोण्याची राखण माझ्याकडे:
उकळू द्यायचं नाही, थिजू द्यायचं नाही,
तान्ह्यासारखं जपायचं, रात्री अकरापर्यंत.

मेन्यूवर त्याने बोट ठेवलं.
शेवंड, केशराच्या लोण्यात.
किमतीच्या जागी नुसतंच: बाजारभाव.
"कुठला बाजार?" त्याने ओडेटला विचारलं, अगदी सरळ मनाने,
"मला धक्क्यावर पौंडाला चार डॉलर मिळाले, सोमवारी."
ओडेट आत येऊन मला म्हणाली,
तुझ्या मामाला उत्तर तू दे.

वाडगं गेलं. परातीएवढं, पांढरंशुभ्र,
मधोमध शेपटीचे पाच तुकडे, एक सोललेली नांगी,
वर बडीशेपेचा तुरा, बेट जिंकल्यासारखा रोवलेला.
दाराच्या गोल काचेतून मी बघत होते.
मामाने वाडग्याची कड उचलून खाली पाहिलं,
बाकीची कुठे गेली?

मग खाल्लं.
मग थांबला.
मग पावाने वाडगं असं पुसलं
की भांडीवाल्याला काम उरलं नाही.

मला राहवलं नाही. सारासाठी बाजूला ठेवलेल्या
बारक्या तंगड्या मी एका बशीत पाठवल्या.
शेवग्याची शेंग ओढावी तशी
एकेक तंगडी दातांत धरून तो ओढत बसला,
आवाज करत, घाई न करता,
आणि शेजारच्या टेबलावरच्या मोत्यांच्या माळेने
आधी भुवया उचलल्या,
आणि मग हळूच विचारलं, मला एक मिळेल?

जाताना म्हणाला, "छान करता तुम्ही.
पण ही जुन्या कवचाची होती.
रविवारी घरी ये."

रविवारी पहाटे मी होडीत.
धुकं इतकं की पुढचा बोया आधी ऐकू यायचा.
पिंजरा वर आला, त्यात एक मादी,
पोटाखाली अंडी, काळ्या मोहरीसारखी गच्च,
शेपटीच्या पाकळीवर कुणीतरी पूर्वी कापलेली खाच.
"हिला सगळे ओळखतात," मामा म्हणाला,
आणि पाहुणीला दारापर्यंत पोचवावं
तसं दोन्ही हातांनी तिला पाण्यात सोडलं.

बाकीच्या मऊ. नुकती कात टाकलेल्या,
दाबलं तर वहीच्या पुठ्ठ्यासारख्या वाकणाऱ्या.
ह्या ट्रकमध्ये टिकत नाहीत, बर्फात दगावतात,
म्हणून शहराला टणक ते जातं
आणि कोवळं इथेच राहतं, गावच्या पोटात.

दुपारी थेल्माच्या टपरीवर
समुद्राच्याच पाण्याचं आधण, वर शेवाळाचं झाकण.
लाकडी बाकं, कागदी ताटं, गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं,
टपाल कचेरीतला अल्व्हा, त्याची दोन नातवंडं,
ओहायोहून आलेलं एक जोडपं, घाबरलेलं.
अडकित्ता कुणी मागितलाच नाही.
अंगठ्याने दाबलं की कवच फुटायचं
आणि खारं कोमट पाणी कोपरापर्यंत ओघळायचं.
मांस गोड. इतकं गोड
की शेजारचं कणीस उगाच ठेवल्यासारखं वाटलं
(तेही खाल्लं, दोन).

कुणी काही बोलत नव्हतं.
फक्त फुटण्याचे आवाज, ओढण्याचे आवाज,
आणि छपरावरच्या एका समुद्रपक्ष्याची शिवीगाळ.

"मग? कुठला बाजार?" मामाने विचारलं.
माझ्या तोंडात नांगी होती.

कागदी पेल्यातलं माझं लोणी
कडेने थिजत आलं होतं, पांढरी साय धरत.
मी बघितलं.
राहू दिलं.