धर्मकाटा

दिवाळीपासून होळीलोक
जिनिंगच्या फाटकातला काटा माह्या हाती.
भरली गाडी, मंग रिकामी गाडी,
मधला फरक तेवढा कापूस.

काल कुंदा डबा घेऊन आली,
कडेवर आठ महिन्याचं लेकरू.
म्हणे, याचं वजन करा बरं.

लेकराले घेऊन उभा राह्यलो: सत्तर.
खाली कुंदाजवळ देल्लं,
तरी सत्तरच.
दहाच्या आतलं
या काट्याले दिसतच नाही.

कुंदा हासली.
मी नाही हासलो.
मागं चौदा गाड्या हॉर्न देत होत्या.

आज सहाले पाटी लावली, काटा बंद.
शेठचा फोन वाजला. वाजू देल्ला.
कानातली रुई काढत
सायकल हाणली.

जागं असन त
दोन्ही हातांवर घेऊन पाहीन
किती भरते.