आडनावाचा रकाना

लक्ष्मीपुरीत, गुळाच्या वखारीवर,
लाकडी जिना चढून गेलं की काचेचं कपाट,
कपाटात गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या,
ओळीनं हसणाऱ्या, तोंडाविना.

माघातला रविवार. पहाटेच खेट्याला निघालेली माणसं
नदीच्या अंगानं जोतिबाकडं गेलेली,
आणि मी, महापालिकेच्या शाळेतली चौथीची बाई,
गळ्यात ओळखपत्र, काखेत जनगणनेचा गठ्ठा.
सकाळपासून एकवीस घरं झाली होती,
त्यातली नऊ पाटलांची.
पेनाला इतकी सवय लागलेली
की विचारायच्या आधीच मी 'पा' लिहून बसले.

"खोडा," म्हातारा म्हणाला. "चांग."
"च्यांग?"
"चांदण्यातला च, बाई. चहातला न्हवं."

रेशनकार्डावर मात्र होतं: चांगले.
बासष्ट साली पुरवठा खात्यातल्या कारकुनानं
शेवटी एक 'ले' जोडला
आणि हळूच म्हणाला, असू दे, दिवस बरे न्हाईत.
"मग वडील काय म्हणाले?"
"काय म्हणत्यात? त्याची अक्कलदाढ फुकट काढली."

मग त्यानं मेणाची एक पट्टी घेतली,
दात कोरायच्या आकड्यानं अक्षर काढलं:
डाव्या अंगाला धनुष्य,
उजव्या अंगाला लांब,
म्हणजे मुळात लांब केसांचा एक म्हातारा.
पिवळ्या सम्राटाच्या घराण्यातलं एक पोरगं म्हणे
रात्री आभाळाकडं बघत बसायचं.
चांदण्यांत त्याला वाकलेली काठी दिसली, दोर दिसला,
सकाळी उठून त्यानं पहिलं धनुष्य केलं.
राजानं खूष होऊन आडनाव दिलं.
"खरं का?"
"मला काय ठावं? मी उमा टॉकीजच्या पुढं गेलेलो न्हाई,
एकदा मिरज सोडली तर."

पण अर्थ खरा होता.
चांग म्हणजे ताणणं, आणि ताणता ताणता उघडणं.
तोंड उघड म्हणायलाही तोच शब्द.
"माझा बाप हुपेतनं कलकत्त्याला, तिथनं इथं.
पन्नास वर्षं गिऱ्हाइकाला
आपलंच आडनाव सांगत राहिला,
मराठीत. आ करा."
कागदही तिकडं असेच मोजतात, म्हणाला,
एक चांग, दोन चांग.
मी काखेतला गठ्ठा जरा सावरला.

"तिकडं आम्ही पाटील," त्याला हसू आलं,
कवळी जरा सैल, स्वतःचीच बनवलेली.
आठ-नऊ कोटी चांग.
महाराष्ट्रातनं मुंबई-पुणं उचलून बाजूला ठेवा,
उरतील तेवढे सगळे एकाच आडनावाचे.
दारावरची पाटी वाचून घर सापडत नाही म्हणे कुणाचं.
इथं पोस्टमन नुसतं 'चिनी दात' बघून
पत्र टाकून जातो. यायचं तेव्हा.

आईचा फोटो घड्याळाखाली. तिचं आडनाव विचारलं.
ल्यू. लग्नाआधी ल्यू, लग्नानंतर ल्यू,
पंचगंगेवर जाळलं तेव्हाही ल्यूच.
बाईनं आडनाव बदलायची रीत न्हाई आमच्यात.
मी काही बोलले नाही.
लग्नाला अकरा वर्षं झाली,
बँकेत सही करताना हात अजून
खामकरांच्या ख कडं वळतो, मग इंगवले आठवतं.

रकान्यात लिहिलं: चांग.
'ले' लिहिला नाही. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं.
पुढचा रकाना: घरातील एकूण व्यक्ती.
मुलगी टोरंटोला, ती तिथल्या गणतीत.
त्यानं खोलीभर नजर फिरवली,
खुर्ची, पायानं फिरवायचं जुनं यंत्र, कपाटातले जबडे,
जणू मोजण्यात चूक व्हायला नको.
"एक," म्हणाला.

मी जिन्यावर पोचले तेव्हा
खेट्याहून आलेला वखारवाला
कपाळाला गुलाल, पायांत चप्पल नाही,
वर बघून ओरडला: चांगभलं!
आणि वरून, आ केल्यासारखं,
लांब ताणलेलं उत्तर आलं:
"ओऽऽ, आलो."