रिंगा बसेपर्यंत

हाथीपाल्याच्या खराद्याकडून ब्लॉक आला
वर्तमानपत्रात गुंडाळून.
अश्फाक मिस्त्रीनं तो उजेडाकडे धरला, म्हणाला, बघ आत.
आत तिरप्या रेघा, एकीवर एक,
फुल्याफुल्यांची बारीक जाळी,
राखेनं घासलेलं भांडं विसळायचं राहिलं तशी.

यातले डोंगर रिंगा खातील, तो म्हणाला,
दऱ्या तेवढ्या ठेवायच्या. तेल तिथं राहतं.
मग बोटं पुसत,
"आठ सौ किलोमीटर, भिया. उसके बाद कार्बोरेटर की बात."

कार्बोरेटर माझ्या कपाटावर आहे दिवाळीपासून,
मोठ्या तोंडाचा. शेजारी तेलकट कागदात कॅमशाफ्ट,
आणि पितळी जेटांची डबी,
जी मी रात्री उघडून मोजतो.
सहाच आहेत. तरी मोजतो.

पहिल्या दिवशी राऊपर्यंत गेलो, पंचेचाळीसनं.
दुधाचे कॅन लटकवलेली मोपेड मला ओलांडून गेली.
तिच्या मागे बसलेलं पोर
दिसेनासं होईपर्यंत हात हलवत होतं.

बाबा रोज विचारतात, किती झाले?
आणि गॅसच्या तारखा लिहायच्या डायरीत लिहून ठेवतात.
एकशे दहा. एकशे एकूणसाठ.
बाबांनी आयुष्यभर वस्तू नव्या ठेवल्या.
सोफ्याचं प्लास्टिक उन्हाळ्यात पाठीला चिकटायचं,
रिमोट पिशवीत,
स्कूटर चाळीसच्या पुढे कधी गेली नाही:
रामबाग ते राजवाडा, राजवाडा ते रामबाग,
अठ्ठावीस वर्षं.
ती बंद पडली तेव्हा अश्फाकच्या बापानं हेड उघडलं.
बोटभर काजळी.
ही चाललीच नाही कधी, तो म्हणाला.
बाबांना ते कौतुक वाटलं.

जपत मीही होतो.
बायपासवर, सरळ, चाळीस म्हणजे चाळीस,
मांडीवर गणपती घेऊन बसल्यासारखा.
तीनशेवर अश्फाकनं तेल काढलं.
थाळीत काळं, आणि त्यात चमक,
बर्फीवरचा वर्ख चुरडावा तशी.
एवढं चालतं, म्हणाला. पण प्लग ओला का?
"इतना लाड मत कर. सिलेंडर काँच हो जाएगा."

काच. म्हणजे रेघा गुळगुळीत,
रिंगा नुसत्या घसरत राहणार,
बसणार कधीच नाहीत.
चढ दे, म्हणाला. मग सोड. परत दे.

म्हणून रविवारी खंडवा रोड.
बाबा म्हणाले, मी येतो.
मोरटक्क्याला त्यांना कुणाला तरी भेटायचं होतं.
कुणाला, ते वाटेत दोनदा बदललं.

सिमरोलच्या पुढे साग पानं गाळून उभे,
आणि भेरूघाट.
पहिल्या वळणावर मी चौथ्यातच होतो.
दोन माणसं, चढ,
हँडलमध्ये एकेक ठोका हाताला लागत होता,
तेवढ्यात खांद्यावर टिचकी.
"तिसरा टाक. गुदमरतंय ते."

मी मागे बघितलं नाही.
तिसरा टाकला. आवाज मोकळा झाला,
कुणी गच्च धरलेलं सोडावं तसा.
नाही, उलट.
सैल होतं ते आता कुठं धरू लागलं.

उतारावर मूठ सोडली.
इंजिन आम्हाला मागे ओढत होतं,
भिंतीवर तेल चढत असेल, रेघेरेघेतून,
असं अश्फाक म्हणतो. दिसत तर काहीच नाही.
दिसली कठड्यावरची माकडं
आणि कलंडलेल्या ट्रकमधला कांदा
गोळा करणाऱ्या दोन बायका.
"पुन्हा वर घेतोस?" बाबा म्हणाले.

मोरटक्का राहिलंच.
तीनदा चढलो, तीनदा उतरलो.
खालच्या चहावाल्यानं विचारलं, काही हरवलंय का?

डायरीत आता सातशे अठरा आहे,
गॅस संपल्याच्या तारखेखाली.
ब्याऐंशी उरले.
काल जेवण झाल्यावर बाबांनी ती डबी मागितली,
एक जेट उचलला,
आणि त्याच्या भोकातून ट्यूबलाइटकडे बघत राहिले
एक डोळा मिटून.
मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे हे सगळं.
म्हणाले, केवढंसं आहे.